चालायची घाई नको: डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या व्यायामाबद्दल गोव्यातल्या नव्या पालकांसाठी

माझी लेक आता सतरा वर्षांची आहे. ती अकरा महिन्यांची असताना आमच्या डिचोलीच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत विचारायचा, "बसते का गो अजून?" ती बसत नव्हती. डाऊन सिंड्रोम आहे हे ती तीन आठवड्यांची असतानाच कळलं होतं, पण निदानाच्या कागदावर पुढे काय करायचं ते कुणी लिहून देत नाही. एक म्हणे मालीश करा, दुसरा म्हणे वॉकर आणा, तिसरा म्हणे आपोआप होईल. आम्ही तिन्ही करून पाहिलं. तिन्हीत थोडंथोडं चुकलो. तुमचं तेवढं वाचावं म्हणून हे लिहिते आहे.

आधी एवढं समजून घ्या. एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जादा असल्याने या मुलांचे स्नायू ढिले असतात, सांधे बांधणारे बंध सैल असतात आणि धडाच्या मानाने हातपाय थोडे आखूड असतात. फिजिओथेरपीने स्नायूंचा ढिलेपणा जात नाही आणि गुणसूत्रही बदलत नाही. मग ती करायची कशाला? मूल या ढिल्या अंगाला सांभाळण्यासाठी स्वतःच्या युक्त्या शोधतं. पाय फाकवून उभं राहतं, गुडघे मागे अडकवतं, पाठीला पोक काढून बसतं. या युक्त्या दुसऱ्या वर्षी गोंडस दिसतात आणि पंचविसाव्या वर्षी गुडघे, पाऊल आणि कंबर धरतात. त्या अंगवळणी पडू न देणं हे फिजिओचं खरं काम. मूल केव्हा चाललं यापेक्षा कसं चाललं, हा प्रश्न पाहुण्यांनी विचारायला हवा होता.

१. व्यायामाआधी हृदय, थायरॉइड आणि मान

या मुलांपैकी साधारण निम्म्यांना जन्मतः हृदयाचा दोष असतो. स्टेथोस्कोपने काही ऐकू आलं नाही तरी पहिल्या काही आठवड्यांतच इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्यायचा. दूध पिताना घाम फुटणं, ओठ निळसर होणं, पिता पिता दमून झोपणं दिसलं तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. शस्त्रक्रिया झाली असेल तर सर्जनने दिलेल्या मुदतीपर्यंत बाळाला काखेत हात घालून उचलायचं नाही. डोक्याखाली एक आणि ढुंगणाखाली एक असे हात घालून उचलायचं. हे घरातल्या प्रत्येकाला, शेजारच्या मावशीलासुद्धा, करून दाखवा.

थायरॉइडची तपासणी जन्मावेळी, सहाव्या महिन्यात, वर्षाला आणि नंतर दरवर्षी. थायरॉइड कमी पडत असेल तर मूल सुस्त राहतं, आणि मग आपण फिजिओला दोष देत बसतो.

आता मान. मानेचे वरचे दोन मणके ज्या बंधांनी धरलेले असतात तेही सैल असतात. एक्स-रेत असा सैलपणा शंभरातल्या दहा-वीस मुलांमध्ये दिसतो, त्याचा प्रत्यक्ष त्रास मात्र एक-दोघांनाच होतो. काही लक्षण नसेल तर सरसकट एक्स-रे काढायचा सल्ला आता दिला जात नाही. तीन वर्षांच्या आत तर हाडं पुरती तयारच नसतात, तेव्हा काढून उपयोग नाही. इथला सापळा असा की एकदा 'एक्स-रे नॉर्मल' असा कागद हाती आला की घरचे बिनधास्त होतात. तो कागद त्या दिवसापुरता.

म्हणून एक्स-रे असो वा नसो, आमच्या घरी या गोष्टी कायमच्या बंद आहेत: कोलांटउडी, शीर्षासन, सर्वांगासन, हलासन, पाण्यात डोक्यावरून सूर मारणं. ट्रॅम्पोलीन सहा वर्षांच्या आत अजिबात नाही आणि नंतरही जाणकार माणूस शेजारी उभा असेल तरच. आणि गोव्यात राहून फुटबॉलला नाही कसं म्हणायचं? पायाने खुशाल खेळू द्या. हेडर मात्र नाही.

तिसरीत असताना योग दिनाच्या तालमीत शिक्षिकेने हिला हलासनात घातलं होतं. मी डबा द्यायला गेले म्हणून दिसलं. फाईलमध्ये डॉक्टरांची चिठ्ठी होती, पण फाईल कपाटात होती. त्या बाईंची चूक म्हणावी तर त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून दर जूनमध्ये प्रत्येक नव्या शिक्षकाच्या हातात मी ही चिठ्ठी स्वतः देते:

"माझ्या मुलीच्या मानेचे सांधे सैल आहेत. डोकं खाली-पाय वर असा कोणताही व्यायाम, कोलांटउडी किंवा मानेवर भार नको. हाताला धरून ओढू किंवा उचलू नका. मान दुखते म्हणाली, चाल बदलली, पडू लागली किंवा कपड्यांत लघवी झाली तर लगेच मला फोन करा."

खाली फोन नंबर. मराठीत एक, इंग्रजीत एक.

२. कुठे जायचं आणि काय न्यायचं

सरकारी फिजिओथेरपी विभाग बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) आहे, म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात (लोकांच्या तोंडी अजून आझिलो) आहे आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळात (हॉस्पिसियो) आहे. सुरुवात जवळच्या आरोग्य केंद्रातून करा. २०१३ पासून चालणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्म ते अठरा वर्षांपर्यंतची मुलं येतात आणि त्याच्या यादीत डाऊन सिंड्रोमचं नाव आहे. त्या कार्यक्रमाखाली पुढे पाठवा, असं नाव घेऊन सांगा. नाव न घेता "बाळाला बघा" म्हटलं की सर्दीचं औषध मिळतं.

एक जाड फाईल करा. त्यात:

- गुणसूत्र तपासणीचा अहवाल (मूळ प्रत कुणालाही देऊ नका, झेरॉक्स द्या)
- इको, थायरॉइड, कान आणि डोळे यांचे अहवाल, तारखेच्या क्रमाने
- शस्त्रक्रिया झाली असल्यास डिस्चार्ज कार्ड
- जन्मदाखला, मुलाचं आणि पालकांचं आधार कार्ड, रहिवासी दाखला, पासपोर्ट फोटो
- दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र)
- दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं (गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं) कार्ड

यूडीआयडीचा अर्ज स्वावलंबन कार्डाच्या संकेतस्थळावर भरायचा, नंतर वैद्यकीय मंडळासमोर जायचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत. त्यांत डाऊन सिंड्रोम असं वेगळं नाव शोधू नका, आपली मुलं बौद्धिक अक्षमतेखाली येतात. लहानपणीचं प्रमाणपत्र मुदतीचं असतं. मुदतीची तारीख कॅलेंडरवर लिहा. आमची हुकली आणि चार महिने सगळं अडून बसलं.

प्रमाणपत्र हातात आलं की राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विम्याचा अर्ज करा. वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण आहे, आधी वैद्यकीय चाचणी लागत नाही आणि इस्पितळात दाखल न होता घेतलेली थेरपीही त्यात धरतात. थेरपीला वेगळी मर्यादा असते. बिलावर थेरपिस्टचा शिक्का आणि नोंदणी क्रमांक नसला तर बिल परत येतं, तेव्हा काउंटरवरून हलायच्या आत बघा.

३. फिजिओ कसा निवडायचा

सोपी परीक्षा. पहिल्या भेटीत जो मुलाशी जमिनीवर बसतो तो चांगला. जो टेबलावर झोपवून पंधरा मिनिटं पाय वरखाली करतो आणि "पुढच्या मंगळवारी या" म्हणतो, तो बदला. आपल्या मुलांना दुसऱ्याने हातपाय हलवून दिल्याने फारसं काही मिळत नाही. त्यांनी स्वतः हललं पाहिजे. आणि सैल सांध्यांना ताणायचे व्यायाम तर बहुधा नकोच असतात. ते आधीच जास्त वाकतात.

आठवड्यातून दोनदा बांबोळीला खेटे घालण्यापेक्षा महिन्यातून एक-दोनदा जाऊन घरचा कार्यक्रम आखून घेतलेला परवडतो. प्रत्येक व्यायामाचा मोबाईलवर व्हिडिओ काढा. घरी आल्यावर हात कुठे धरायचा होता हे कुणालाच आठवत नाही.

४. पहिलं वर्ष: मालीश, पालथं आणि टॉवेलची गुंडाळी

मालीशीबद्दल आधी बोलते कारण यावरून आमच्या घरात भांडण झालं होतं. तेल लावणं चांगलं. पण न्हाऊ घालणाऱ्या बाया शेवटी जी कसरत करतात, उलटा हात-उलटा पाय पाठीमागे नेऊन जुळवणं, दोन्ही पायांना धरून उलटं लटकवणं, डोक्याला धरून मान खेचणं, ते या बाळांच्या बाबतीत धोक्याचं आहे. सासूबाईंना पटेना. मग मी त्यांना फिजिओ मॅडमकडे घेऊन गेले. मॅडमनी बाळाचा पाय नुसता बाजूला सोडून दाखवला, तो बेडकासारखा जमिनीला टेकला. "आजी, हा आधीच इतका मोकळा आहे, अजून कशाला मोकळा करताय?" प्रश्न मिटला. तेल सासूबाईच लावायच्या, लटकवणं बंद.

तो बेडकासारखा पाय हीच पहिल्या वर्षातली मुख्य गोष्ट. उताणं झोपलेलं असताना दोन्ही मांड्यांच्या बाहेरून टॉवेलच्या गुंडाळ्या लावा म्हणजे गुडघे छताकडे राहतात. कडेवर घेतानाही पाय फाकवून कमरेवर बसवण्यापेक्षा दोन्ही पाय जुळवून पुढे धरून घ्या. गुंडाळ्या बाळ जागं असताना आणि तुम्ही समोर असताना. झोपेत पाळण्यात काही ठेवू नका.

पालथं घालणं दिवसातून अनेकदा, जागेपणी. बाळ रडतं, म्हणून सुरुवातीला आपल्या छातीवर घाला. आपण सोफ्यावर रेलून बसायचं, ते आपलं तोंड बघायला मान उचलतं. एक मिनिट झालं तरी पुष्कळ.

५. बसणं, उभं राहणं, चालणं

इथे घाई करू नका, मीही या भागात घाई करणार नाही.

बसवल्यावर बाळ पुढे दुमडतं. आम्हाला वाटायचं पाठ कच्ची. पाठ कच्ची असतेच, पण हात आखूड असल्याने ते जमिनीला टेकत नाहीत हेही कारण असतं. यावर उपाय आमच्या स्वयंपाकघरात होता: जेवायचा पाट. तो मांडीसमोर ठेवला, त्यावर तिचे दोन्ही तळहात टेकवले आणि पाठ सरळ झाली. पाटावर एक वाटी आणि चमचा. सासूबाई म्हणाल्या, नैवेद्य दाखवल्यासारखी बसलीय.

पुढचा सापळा बसण्यातून बाहेर पडण्याचा. ही मुलं पोटावर असताना दोन्ही पाय पूर्ण बाजूंना फाकवून थेट उठून बसतात. सर्कशीतल्यासारखं दिसतं, लोक टाळ्या वाजवतात. टाळ्या वाजवू नका. कुशीवर वळून, एका हातावर भार देऊन उठायला शिकवा. पाय मागे दोन्ही बाजूंना टाकून फतकल मारून बसत असेल तर न रागावता पाय पुढे करून द्या. दिवसातून पन्नास वेळा करावं लागतं.

उभं राहायला सोफा किंवा खाट घ्या. उंची छातीइतकी असावी. खूप खाली असली तर मूल त्यावर आडवं होतं. पावलं खांद्यांच्या रुंदीइतकीच, बोटं समोर, गुडघे किंचित वाकलेले. मागे अडकलेले गुडघे म्हणजे स्नायू सुट्टीवर, सगळा भार बंधांवर. आमचा सगळ्यात कामाचा व्यायाम होता पाटावरून उठबस: एकावर एक दोन पाट, त्यावर ती, पावलं जमिनीला सपाट, समोर वर धरलेली पोळी. उठली की एक तुकडा. सकाळी पाच, संध्याकाळी पाच. नंतर पोळीच्या जागी टाळी आणली, कारण ती गोल होऊ लागली होती. खाण्याचं बक्षीस लावून घेऊ नका, पुढे वजन हा मोठा प्रश्न होतो.

चाकांचा वॉकर आणू नका. आणला असेल तर कुणाला देऊही नका. त्यात मूल पायांच्या बोटांवर ढकलत जातं आणि तोल सांभाळायला शिकत नाही. त्याऐवजी ढकलायला प्लास्टिकची खुर्ची द्या. रिकामी खुर्ची पळते, म्हणून तिच्यावर पाच किलो तांदळाची पिशवी. आमच्या ओटीवर या खुर्चीच्या रेघा अजून आहेत.

चालायचं वय? सरासरी दोन वर्षांच्या आसपास. कुणी दीड वर्षाचं असताना चालतं, कुणी तीन ओलांडतं. २००१ साली अमेरिकेत एक अभ्यास झाला. तीस सेकंद आधाराशिवाय बसता येऊ लागलेल्या बाळांना पालकांनी छोट्या ट्रेडमिलवर धरून रोज आठ मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस पावलं टाकायला लावली. ती बाळं सरासरी १०१ दिवस आधी चालली. हे वाचून मी मॅडमकडे धावत गेले. त्या म्हणाल्या, पावलं टाकायची सवय हवी हे खरं, मशीन नसेल तर अंगणात पावलं टाका, पण तीन महिने लवकर मिळवण्याच्या नादात पाय फाकवून चालू देऊ नका. आमची सव्वीस महिन्यांची असताना चालली. तुळशीपासून पायरीपर्यंत, सात पावलं.

६. बूट

घरात उभं राहायला शिकताना अनवाणी. नीट चालायला लागल्यावर फिजिओकडून पाऊल तपासून घ्या. बहुतेकांचे तळवे सपाट असतात आणि घोटा आत कलतो. बूट पुढच्या बाजूला, बोटांजवळ वाकणारा आणि टाचेला घट्ट हवा. दुकानात बुटाची टाच अंगठ्याने दाबून पाहा, दबली तर परत ठेवा. घोट्याचा आधार लागणार असेल तर तो मापाने बनवावा लागतो. रबरी चपला पावसाळ्यात सोयीच्या, चालायला वाईट.

७. शिकवायचं कसं

कमी बोला, करून दाखवा. या मुलांची पाहून शिकायची ताकद ऐकून शिकण्यापेक्षा बरी असते. "उजवा पाय उचल, गुडघा वाकव, मग पुढे टाक" यातलं तिच्यापर्यंत "पुढे टाक" एवढंच पोहोचायचं. मोठ्या भावाने आरशासमोर करून दाखवलं की दुसऱ्या दिवशी जमायचं. एका वेळी एकच नवीन गोष्ट, रोज त्याच जागी, त्याच गाण्यावर.

आणि मध्येच अंग टाकून जमिनीवर बसकण मारणं. जत्रेत, बसस्टँडवर, कुठेही. हट्ट वाटतो, कधी असतोही. पण कधी दमलेली असते, कधी पाय दुखत असतो. हाताला धरून ओढू नका, कोपर किंवा खांदा निसटू शकतो. शेजारी बसा, थांबा आणि दोनच पर्याय द्या: "पायरीपर्यंत की झाडापर्यंत?"

८. शाळकरी आणि मोठी मुलं

जागतिक आरोग्य संघटना दिव्यांग मुलांनाही रोज सरासरी तासभर हालचाल सुचवते, मोठ्यांना आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं. एका दमात करायची गरज नाही.

जिममध्ये जाणार असाल तर ट्रेनरला एक गोष्ट सांगा. २२० वजा वय हा नाडीचा हिशेब इथे चालत नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या प्रौढांची कमाल नाडी इतरांपेक्षा मिनिटाला साधारण पंचवीस-तीस ठोक्यांनी कमी असते. घड्याळ बघून "अजून जोर लाव" म्हणणारा ट्रेनर तिला छळत असतो, आणि तिला ते सांगता येत नाही. आमचं मोजमाप चवथीच्या फुगडीतून आलं. फेर धरताना गाणं नीट म्हणता येतंय म्हणजे हलका व्यायाम. ओळीच्या मध्ये श्वास घ्यावा लागतोय म्हणजे बरोबर चाललंय. शब्दच फुटत नाही म्हणजे थांब. फेराची फुगडी ती तासभर खेळते. दोघींनी हात ओढून गरगर फिरायची मात्र नाही, मनगटं आणि मान दोन्हींसाठी.

ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोन दिवस पुरतात: खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात लावून दंड, पाण्याच्या बाटल्या उचलणं, रबरी पट्टा. गुडघ्याची वाटी सरकायची सवय असेल तर खोल बैठका नकोत.

पोहणं उत्तम, पण आधी कानाच्या डॉक्टरांना विचारा, आणि सूर नाही म्हणजे नाही. मिरामारला फिरायला नेत असाल तर पाण्याजवळच्या ओल्या, घट्ट वाळूवर चालवा. वरच्या भुसभुशीत वाळूत सपाट तळव्यांची मुलं दहा मिनिटांत थकतात.

स्पर्धेची हौस असेल तर स्पेशल ऑलिम्पिक्स. १९६८ साली सुरू झालेली ही चळवळ आपल्याकडे स्पेशल ऑलिम्पिक्स भारत म्हणून चालते. आठ वर्षांपासून स्पर्धेत उतरता येतं, त्याआधी दोन वर्षांपासूनच्या मुलांसाठी खेळांचा वेगळा कार्यक्रम आहे. २०२३ च्या जानेवारीत पणजीत पहिला पर्पल फेस्ट (दिव्यांगांचा महोत्सव) झाला तेव्हा हिने पहिल्यांदा आपल्यासारखी मोठी माणसं एवढ्या संख्येने पाहिली. घरी येऊन म्हणाली, "उद्या परत."

९. पावसाळा

जून ते सप्टेंबर अंगण बंद. कार्यक्रम बुडाला की ऑक्टोबरात पुन्हा पहिल्यापासून. म्हणून घरातला कार्यक्रम मेमध्येच ठरवा: जिन्याच्या पायऱ्या, उठबस, गाण्यावर नाच. शेवाळलेल्या पायरीवर एकटं सोडू नका.

१०. कधी थांबायचं

मान दुखणं किंवा एकीकडे कलणं, हात कमजोर होणं, चाल बदलणं, सारखं पडणं, आधी नियंत्रण असलेली लघवी किंवा शी सुटणं: व्यायाम बंद आणि त्याच दिवशी इस्पितळ. ओठ निळे पडणं, छाती धडधडणं, चक्कर: तेच.

आणि हळूहळू होणारे बदलही वहीत लिहा. गेल्या वर्षी आमची एकाएकी जिना बसून उतरायला लागली. सगळे म्हणाले, वयात आलीय, लाडावलीय. माझ्या डोक्यात मान. धावत गेलो, मान ठीक, थायरॉइड ठीक, गुडघे ठीक. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, नंबर इतका वाढलाय की तिला पायरीची कडाच दिसत नाही. आता चष्मा आहे. जिना उभ्याने उतरते, आणि कठडा धरत नाही म्हणून मी खालून ओरडते.